आम्ही जेवतो ना

नावं ठेवणं या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि आमच्या ऑफिसला दोन्ही लागू पडतात. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला आधी आम्ही एक नाव ठेवतो आणि मग दिवसभर नावं ठेवतो. एक 'झेरॉक्सबाई' आहेत, एक 'उद्या-येऊ-का' आहेत, एक नुसताच 'खोकला' आहे. 'राजेसाहेब' हे नाव मी ठेवलं होतं. इतकं फिट बसलं की समोरच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला चहा पाजला.

राजेसाहेब म्हणजे बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फाटक्या सीटा शिवणारा माणूस. पंचावन्नच्या पुढचा, बारीक, खांद्यात थोडा वाकलेला. दाभण ढकलून ढकलून उजव्या तर्जनीला घट्टा पडलेला. नाव राजेसाहेब पडायचं कारण एवढंच की हा माणूस स्वतःला 'मी' म्हणायचाच नाही. 'आम्ही काल रात्री नीट झोपलो.' 'आम्ही आता बरे आहोत.' 'आम्हाला उकाडा सहन होत नाही.' खाकी शर्टाच्या खिशाला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, पायात झिजलेली चप्पल आणि बोलणं असं. हसू येणारच.

माझी खिडकी 'मदत व माहिती'ची. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे, त्यांना कुठे काय मदत मिळते ते सांगायचं, हे माझं काम. त्यासाठी माझ्याकडे एक यादी आहे. घरी येणारी मदतनीस, दिवसभर सांभाळणारं केंद्र, व्हीलचेअर उसनी देणारी संस्था, काळजी घेणाऱ्या नातेवाइकांची बैठक, सगळ्यांचे पत्ते आणि फोन. सहा वर्षांपूर्वी ती मीच टाईप केली होती. त्यानंतर झेरॉक्सचं झेरॉक्स, त्या झेरॉक्सचं झेरॉक्स असं करत ती इतकी फिकी पडली होती की तीन आणि आठ ओळखू येत नव्हते. पण विचारणाऱ्याच्या हातात एक कागद दिला की त्याचंही समाधान आणि माझंही.

तो पहिल्यांदा आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीत धावतपळत आला होता.

"ताई, मदत हवी होती."

"कुणाला?"

"आम्हाला. तीन वर्षांपूर्वी घरी मंडळींना झटका आला, अर्धांगाचा. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मी डेपोत असतो तेव्हा शेजारच्या आजी येऊन बसायच्या. त्या महिनाअखेरीला लेकीकडे चालल्या कायमच्या. मग आठ ते चार घरात कुणीच नाही."

आता लिहिताना दिसतंय की डेपोत असण्याबद्दल बोलताना तो 'मी' म्हणाला होता. तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं. मी त्याला यादी दिली आणि म्हटलं, "यातलं बघा कुठलं जमतंय." मागे रांग होती. एका मिनिटात काम झालं.

पुढच्या मंगळवारी तो यादी परत घेऊन आला. प्रत्येक नावासमोर पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरा लिहिलेला. खिडकीवर कागद पसरून त्याने मला तो वाचून दाखवला.

"हा पहिला नंबर लागत नाही. दुसऱ्यावर एक बाई म्हणाल्या, इथे पाच वर्षं झाली पार्लर आहे, केस कापायचे असतील तर या. हे दिवसभराचं केंद्र बंद पडलंय, पण तिथल्या वॉचमनने फार आपुलकीने चौकशी केली. व्हीलचेअर मिळते, पण आमचा जिना अरुंद, ती दुसऱ्या मजल्यावर वळत नाही. आणि ही बैठक. ही खरंच भरते, दुसऱ्या शनिवारी चार ते सहा. मी विचारलं, तेवढा वेळ घरी कोण बसणार? तर ते म्हणाले, बैठकीचा विषय तोच आहे."

हे सांगताना तो हसला. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. "तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहून आणलं," म्हणाला. मला मात्र मिरची झोंबली. माझी सहा वर्षांची यादी एका सीट शिवणाऱ्याने आठवड्यात तपासली, आणि तीही जेवणाच्या सुट्टीत फोन करून. खोटं कशाला बोलू, आभार मानायचे सोडून मी त्याच्याशी आणखी तुटक वागले.

उरली होती एकच गोष्ट. आमच्याच कार्यालयाची घरपोच मदतनीस योजना. बाई सकाळी येते, दुपारपर्यंत थांबते, आजाऱ्याचं सगळं करते. त्यासाठी एक फॉर्म असतो. वीस प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. जितका माणूस परावलंबी, तितके गुण जास्त. बारा मिळाले तर मदत मिळते. घरी जाऊन बघून भरावा असा नियम आहे, पण खाली एक चौकट असते, 'घरभेटीची आवश्यकता नाही'. तिथे टिक केली की नातेवाइकाला विचारून खिडकीवरच भरता येतो. मी टिक केली. मी नेहमीच करते. म्हणजे करायचे.

"जेवण?"

"जेवतो ना आम्ही. वेळेवर जेवतो."

मी 'स्वतः' या शब्दावर खूण केली.

"आंघोळ?"

"करतो. रोज. एक दिवस चुकत नाही."

"उठणं-बसणं?"

"बसतो आता तासभर. आधी तेही नव्हतं."

आधी तेही नव्हतं! या वाक्यापाशी कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. मी थांबले नाही. मला वाटलं, नवरा-बायको दोघं जेवतात, दोघं आपापली आंघोळ करतात, झटक्यातून बाई बऱ्यापैकी सावरलेली दिसते. आणि राजेसाहेब तर राजेसाहेब, त्यांचं बोलणंच तसं. वीस प्रश्न चार मिनिटांत उरकले. वीसपैकी दोन गुण झाले.

पंधरा दिवसांनी त्याला पत्र गेलं. 'रुग्ण दैनंदिन व्यवहारात स्वावलंबी असल्याने अर्ज अपात्र.' खाली माझी सही.

पत्र घेऊन तो एकदा आला होता. मी डबा काढत होते.

"ताई, यावर काही करता येतं का?"

"तीस दिवसांत अपील करा. नमुना झेरॉक्सवाल्याकडे मिळेल."

"बरं," तो म्हणाला. पत्राची घडी घातली. "आमच्यापेक्षा जास्त अडलेले असतील, त्यांना मिळू दे."

तो गेल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "राजेसाहेबांचं राज्य खालसा झालं." मी हसले. हे लिहायला नको वाटतंय, पण हसले ते खरं आहे.

त्यानंतर पाच आठवडे तो दिसला नाही. मलाही आठवला नाही. माझ्या खिडकीवरून रोज चाळीस माणसं जातात.

मग आमची धाकटी कामावर परत आली. धाकटी म्हणजे ऑफिसातली सगळ्यात लहान मुलगी, बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तिला घेरलं. बाळ कसं आहे, झोपू देतं का, वगैरे. ती कौतुकाने सांगत सुटली.

"आम्ही आता पालथे पडतो! रात्री दोनदा उठतो. आणि काल आम्ही पहिल्यांदा चमच्याने जेवलो, अर्धं अंगावर सांडलं."

"एवढी घोडी झालीस, अजून सांडतेस?" भाऊसाहेब म्हणाले, आणि सगळे खो खो हसले.

मी मात्र हसता हसता थांबले. आम्ही जेवतो ना. वेळेवर जेवतो. बसतो आता तासभर.

मी दोन मुलं वाढवली आहेत. 'आम्ही आज शू सांगितली' हे मी स्वतः शेजारणींना शंभरदा सांगितलंय. आणि तोच शब्द एका पुरुषाच्या तोंडून, बायकोसाठी आला, तर मला त्यात राजा दिसला. मी कपाटातून त्याची फाईल काढली. वीसच्या वीस उत्तरं त्याने 'आम्ही' म्हणून दिली होती आणि अठरांपुढे माझ्या हातची, ठसठशीत निळ्या शाईतली 'स्वतः'ची खूण होती.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आधी डेपोत गेले. वर्कशॉपमध्ये उसवलेल्या सीटांचा ढीग होता, फोमचे पिवळे तुकडे वाऱ्याने इकडे-तिकडे पळत होते. त्याच्या जागेवर दाभण, मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ आणि न उघडलेला डबा होता. शेजारचा मेकॅनिक म्हणाला, "आता घरी गेला असेल. सायकलवर पळतो बिचारा. दहा मिनिटं जायला, दहा यायला, दहा मिनिटं तिथं. स्वतः कधी जेवतो देव जाणे."

पत्ता फाईलवर होताच. मी रिक्षाने गेले, त्यामुळे त्याच्या आधी पोचले. वाटेत तो म्हणे दवाखान्यातून मलम घ्यायला थांबला होता. दुसरा मजला, खरोखरच अरुंद जिना. दाराला बाहेरून कुलूप.

कुणी नाही असं वाटून मी वळणार, तेवढ्यात आतून आवाज आला. "हं." मी कडी वाजवली. परत, "हं." मग सायकलची घंटी वाजली. घराच्या आत.

मी त्या दारासमोर उभी राहिले. आत एक जिवंत बाई होती, बाहेर कुलूप होतं आणि माझ्या पिशवीत 'स्वावलंबी' लिहिलेला कागद होता. आयुष्यात मला इतकी लाज वाटली नव्हती.

तो धापा टाकत वर आला, मला बघून दचकला आणि हातातली किल्ली त्याने चटकन मुठीत लपवली. चोरी पकडल्यासारखा चेहरा.

"ताई, कुलूप नाइलाजाने हो. आजी गेल्या त्याच आठवड्यात आम्ही खाटेवरून उतरायला गेलो आणि पडलो. सरकत सरकत दारापर्यंत आलो. दार लोटलेलं असतं तर जिन्यातच गेलो असतो."

"आधी दार उघडा, दादा," मी म्हटलं.

खोली लहान, पण बघत राहावी अशी. गादीला बसच्या सीटचं हिरवं रेक्झिन शिवलेलं, ओल्या फडक्याने पुसता यावं म्हणून. खाटेच्या कडेला बसमधल्यासारखी धरायची दांडी. डाव्या हाताला सायकलची घंटी घट्ट बसवलेली. पाण्याच्या बाटलीला लांब नळी. एका शिवणाऱ्या माणसाला जे जे म्हणून शिवता येईल, ते सगळं तिथं शिवून झालेलं होतं. बाई मोठ्या डोळ्यांची, चेहरा एका बाजूला उतरलेला, केस मात्र नीट विंचरून दोन वेण्या घातलेल्या. आजारपणाआधी ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत होती. माईकवरून गाड्या पुकारायची.

"अख्खं स्टँड हिचं ऐकायचं," तो म्हणाला. "मी पण."

त्याने घाईघाईने तिची कूस बदलली. मी तोंड फिरवायच्या आत पाठीवरची जखम दिसली. तळहाताएवढी, लालभडक. तासन्तास न हलता पडून झालेली.

"ही केव्हाची?"

"पत्र आलं त्याच्या नंतरची," तो म्हणाला. दोष देत नव्हता, मी विचारलं म्हणून तारीख सांगत होता. मग थोडं हसून म्हणाला, "तुमचं पत्र मी हिला वाचून दाखवलं होतं. म्हटलं, बघ, सरकार सांगतंय तू स्वावलंबी आहेस, ऊठ आता, चहा टाक. खूप हसलो आम्ही."

"मग भांडला का नाहीत माझ्याशी? सांगायचं तरी होतं, चूक झाली म्हणून!"

"तुम्ही घाईत होतात, ताई."

मी पिशवीतून नवीन फॉर्म काढला. म्हटलं, "हा आता आपण नीट भरू. पण दादा, 'आम्ही' म्हणायचं नाही. वहिनींना काय येतं, काय येत नाही, तेवढंच सांगायचं. जेवण?"

त्याने एकदा खाटेकडे बघितलं.

"हिच्यासमोर?"

"घरभेटीचा फॉर्म रुग्णासमोरच भरायचा असतो. नियम आहे."

"मग राहू द्या."

"अहो, काय राहू द्या? बारा गुण झाले तर बाई येईल, हे कुलूप निघेल!"

"समजतं मला." त्याचा आवाज खाली आला. "तिला सगळं कळतं, ताई. बोलता येत नाही एवढंच. 'हिला येत नाही, हिला जमत नाही, हिचं मी करतो' असं तीन वर्षांत मी तिच्यासमोर एकदाही म्हटलं नाही. डॉक्टरसमोर नाही, माझ्या भावासमोर नाही. म्हणून तर ती जेवते. ज्या दिवशी म्हणेन, त्या दिवशी तोंड मिटून घेईल. मी ओळखतो हिला."

मला त्याचा राग आला. खरंच सांगते, कानाखाली द्यावी असं वाटलं. मानपान सांभाळत बसलाय आणि तिची पाठ सडतेय. पण पाठ सडायला सुरुवात माझ्या सहीने झाली होती, त्यामुळे ओरडायचा हक्क मला नव्हता. मी फॉर्म मांडीवर धरून नुसती बसले. त्याची सुट्टी संपत आली होती.

घंटी वाजली.

ती माझ्याकडे बघत होती. डाव्या हाताचं बोट तिने माझ्या कागदाकडे केलं. वाच, असं.

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. "वहिनी, जेवण कोण भरवतं?"

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. शब्द लांबून ओढून आणावा तसा तिने आणला. "हे."

"आंघोळ?"

"हे."

"कूस बदलायला?"

"हे."

"कपडे?"

"हे."

संडासच्या प्रश्नाला ती थांबली. डोळे मिटले. मला वाटलं, आता संपलं. मग डोळे न उघडता म्हणाली, "हे."

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी एकेक खूण करत गेले. वीसपैकी अठरा झाले. शेवटी एक भाग असतो तो कुणीच भरत नाही, मीही कधी विचारला नव्हता. 'काळजी घेणाऱ्याची प्रकृती: चांगली, मध्यम, वाईट.' मी वाचला.

तो चटकन वळला. "चांगली. चांगली लिहा."

घंटी वाजली. दोनदा, जोरात. तिच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. पहिल्यांदा नुसता श्वास आला. मग "द" आला. मग तिने मान हलवून पुन्हा सुरुवात केली.

"हे... दमलेत."

"काहीतरीच काय बोलतेस?" तो म्हणाला. "मी कुठे दमलोय? मी काय दमलोय?" आणि तिसऱ्यांदा तेच म्हणायला गेला तर आवाज फुटेना. तो स्टुलावर बसला आणि रडायला लागला. सवय नसलेला माणूस रडतो तसा, वाईट, मोठ्याने. तिने डावा हात पुढे केला, पण तो त्याच्यापर्यंत पोचेना.

"दादा, जरा पुढे सरका," मी म्हटलं. तो सरकला. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला.

चांगली, मध्यम, वाईट, मी तिन्ही शब्द खोडले आणि वर 'दमलेत' असं लिहिलं. मंजुरी देणाऱ्या समितीने त्यावर शेरा मारला, 'फॉर्म नियमानुसार भरलेला नाही. तरी मंजूर.' अर्ज आठवड्याच्या सहा दिवसांचा होता. मदतनीस कमी, अर्जदार जास्त, त्यामुळे तीन दिवस मिळाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. येणारी बाई चांगली आहे, हाताने हलकी आहे. पाठ हळूहळू भरतेय.

उरलेल्या तीन दिवसांसाठी मी यादीतले सगळे नंबर पुन्हा लावले. नवीन पाच शोधले. त्यातल्या दोन संस्था खऱ्या निघाल्या आणि दोन्हीकडे प्रतीक्षायादी आहे. एका ठिकाणी त्यांचा नंबर अकरावा आहे. मागच्या महिन्यातही अकरावाच होता.

त्याने मला एक जादा किल्ली करून दिली आहे. मंगळवारी आणि गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी तिथे जाते, शनिवारी अजून तोच सायकलवर पळतो. कूस बदलते, नळी तोंडात देते, दोन गप्पा मारते, म्हणजे मी मारते आणि ती ऐकते. अर्ध्या तासाने मला खिडकीवर परत यावं लागतं. निघताना दाराला बाहेरून कुलूप मीच लावते, आणि नीट लागलंय ना, म्हणून दोनदा ओढून बघते.